बांडीचं दूध

तिसरी गाय गाभडली तेव्हा गोठ्याच्या मालकाने ते कुणाला दाखवलं नाही, स्वतःलासुद्धा नीट बघू दिलं नाही. उकिरड्यामागे फावड्याने खड्डा केला, अर्धवट वाढलेलं वासरू त्यात लोटलं, वरून चुना टाकला आणि हात धुऊन धारा काढायच्या यंत्राकडे वळला. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. आधीच्या दोन्ही वेळेला त्याने बायकोला सांगितलं होतं, "मेलेलंच जन्मलं बिचारं." खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं ते.

माणूस तसा वाईट नव्हता. एकेक कालवड वाढवत त्याने हा गोठा उभा केला होता, आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावलं की काय होतं ते शेजारच्या गोठ्यात पाहिलं होतं. तिथेही गाई अशाच अधेमधे गाभडत होत्या. डॉक्टरने सगळ्यांचं रक्त तपासलं आणि बघता बघता अर्धा गोठा ट्रकमध्ये चढवून नेला. एकही गाय परत आली नाही. जाताना डॉक्टर बजावून गेला होता, "हा रोग माणसांनाही होतो. संध्याकाळी ताप चढतो, सकाळी उतरतो, सांधे धरतात. या गाईंचं दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावू नका. आणि दिवस गेलेल्या बाईला तर गोठ्याकडे फिरकूही देऊ नका."

यातलं सोयीचं तेवढं मालकाने लक्षात ठेवलं. टाकीतलं दूध टँकरने डेअरीत जातं, तिथे ते नीट तापवतात, पिशव्यांत भरतात, मग ते लोकांच्या घरी पोचतं. आपल्या घरातही उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. लेकीला सातवा लागला होता. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून ती इथेच राहत होती, पण शेणाच्या वासानेच तिला मळमळायचं. ती गोठ्यात यायचा प्रश्नच नव्हता. मग कुणाचं काय वाकडं होणार होतं? अशी स्वतःची समजूत घालून तो झोपायचा. अशी समजूत घालणाऱ्यांना झोपही छान लागते.

यंत्र लावत लावत तो बांडीपाशी आला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही गाय सगळ्यांत गरीब स्वभावाची, आणि सगळ्यांत आधी गाभडलेली ती हीच. आज तिचे सड ओले होते आणि कास एका बाजूने सैल पडली होती. तो उकिरड्यामागे असताना कुणीतरी हाताने धार काढून नेली होती. त्याने यंत्र तसंच टाकलं आणि घराकडे निघाला.

स्वयंपाकघरात लेक टेबलाशी बसली होती. पुढ्यात काचेचा ग्लास, दुधावर बोटभर फेस. उकळलेल्या दुधावर साय येते, असा फेस येत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"हे कुठलं दूध?"

"बांडीचं," बायको ओट्याशी काम करता करता म्हणाली. "तापवलेल्या दुधाचा वास आला की हिला उलटी होते. धारेचं कोमट असलं तर पिते बिचारी. तुम्ही धारेला यायच्या आधी थोडं काढून आणते. तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, टाकीत कमी पडलं म्हणून कुरकुर कराल."

"कधीपासून?"

"झाला की महिना. बांडीचंच देते. तिचं वासरू गेलं, तिला पाजायला कुणी नाही. म्हटलं, निदान माझ्या लेकीच्या तरी अंगी लागू दे."

मालकाने ग्लास उचलला आणि हातातून निसटल्यासारखा मोरीत सोडला.

"काय हो, आता ग्लासही धरता येईना का?" बायको हसली. "थांब गं, दुसरं आणते."

"नको. यापुढे तापवूनच दे तिला. कच्चं बाधतं."

एवढंच म्हणाला. अजूनही त्याला वाटत होतं की एवढ्यावर भागेल.

"मला नकोच आहे, आई," लेक म्हणाली. "तोंडाला चव नाही. काल संध्याकाळी परत कणकण होती. सकाळी उतरते, पण कंबर नुसती धरलीय." मग ती म्हणाली, "आणि बाळ आज हललंच नाहीये. एरवी उठल्या उठल्या लाथा मारतं."

बायकोचा चेहरा उतरला. तिने लगेच दवाखान्यात फोन लावून स्पीकर सुरू केला. डॉक्टरीणबाईंनी तापाचं विचारलं, रक्त जातंय का ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे गाई आहेत ना? इतक्यात एखादी गाभडली आहे का?"

"छे हो," बायको म्हणाली. मेलेलं जन्मलेलं वासरू ती यात धरतच नव्हती. "आमचा गोठा आरशासारखा असतो. हे डोळ्यांत तेल घालून बघतात एकेकीकडे." आणि दुजोऱ्यासाठी तिने नवऱ्याकडे पाहिलं.

नुसती मान हलवली असती तरी गोठा वाचला असता. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. लेकही त्याच्याकडेच बघत होती.

"तीन," तो म्हणाला. "तीन गाभडल्या. बांडी पहिली. आणि ही तिचंच कच्चं दूध प्यायलीय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला घेऊन आत्ताच्या आत्ता निघा."

बायकोने ओट्यावरचा गॅस बंद केला. तिने लेकीला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. टँकरवाल्याला त्याने हातानेच परत जायची खूण केली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागून लेकीने विचारलं, "बाबा, बांडीचं वासरू केवढं झालं होतं?"

"सातवा संपत आला होता."

"आणि आधी? तिला काही झालं होतं का आधी?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"काही नाही. नीट खात होती, रवंथ करत होती. आदल्या दिवशी तिच्या कुशीला हात लावला, तेव्हा आतलं हलत नव्हतं."

लेकीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी जोरात चालवा."