अठरा मीटरचं कार्ड

मी एक जुनं कार्ड आहे. मित्रांनो, मी बँकेचं नाही आणि दुकानाचंही नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकणाऱ्यांना परीक्षा पास झाल्यावर जे मिळतं, ते कार्ड मी. माझ्यावर लिहिलं आहे: कुराता मिसुझु, अठरा मीटरपर्यंत. मला दाखवल्याशिवाय कुशिमोतोच्या बंदरात तिला कोणी बोटीवर पाय ठेवू देत नसे.

माझ्यावरचा फोटो परीक्षेच्याच दिवशी काढलेला आहे. केस ओले, डोळे खारट पाण्याने लाल, कपाळावर मुखवट्याचा वळ आणि तोंडभर हसू. त्याहून चांगला फोटो तिचा कुणी काढला नाही, हे मी आजही सांगेन.

ओसाकात मी तिच्या पाकिटात राहायचो. शेजारी रेल्वेचा पास होता. तो रोज बाहेर निघायचा आणि मी उन्हाळ्याची वाट बघत पडून असायचो. त्याच्यावर मी फार जळायचो. पण सुट्टीच्या दिवशी कुशिमोतोत पोचलो की पास मुकाट आत बसायचा आणि पाण्यात उतरायला शिकवणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाई तात्सुयो-सान मला हातात घेऊन म्हणायच्या, "आली का आमची मासोळी!" तेव्हा माझी छाती फुगायची. हे कौतुक मिसुझुचं होतं, पण मी ते स्वतःकडे घेत असे.

पुढे बोटीवर होंजो नावाचा माणूस भेटला आणि मिसुझुने त्याच्याशी लग्न ठरवलं. त्याचं कार्ड वरच्या वर्गाचं, तीस मीटरचं. त्याच्या सांगण्यावरून तिनेही वरच्या वर्गाचा सराव सुरू केला. मी बोटीवर तिच्या पिशवीत असायचो. कान दुखून ती दोनदा अर्ध्यातून वर आली. तात्सुयो-सान दोन्ही वेळा तिला धीर देऊन परत खाली घेऊन गेल्या. होंजो संत्री सोलत बसायचा आणि चेष्टा करायचा.

ती पास झाली तेव्हा होंजोने हिशेब मांडला. "लग्नानंतर आडनाव बदलायचंच आहे. बढतीचं कार्डही तेव्हाच माग. दोनदा फी कशाला भरायची?"

सगळं टपालाने झालं. सोनेरी काठाचं कार्ड घरी आलं: होंजो मिसुझु, तीस मीटरपर्यंत. फोटो स्टुडिओतला, केस विंचरलेले, ओठ मिटलेले. तिने ते माझ्या जागी सरकवलं आणि मला बटणांच्या डब्यात टाकलं. टाकताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डब्यात मी वर्षानुवर्षं जळत राहिलो. सोनेरी म्हणजे खरं तर माझी बहीणच, त्याच माणसाची, त्याच घामाची, पण मला तिचं तोंड पाहवत नव्हतं. ती नवरा-बायको रविवारी दुसरीकडच्या समुद्रावर निघाली की मी मनात म्हणायचो, आज समुद्र खवळू दे.

मग एका नोव्हेंबरात बटण शोधायला तिने डबा उघडला, मी हाती लागलो तसं मला पिशवीत टाकलं आणि एकटीच कुशिमोतोला आली.

"मिसुझु-चान! किती वर्षांनी गं! बस, आधी सूप घे," तात्सुयो-सान म्हणाल्या. मग सोनेरी कार्ड आणि ओळखीसाठी दिलेलं आरोग्यविम्याचं कार्ड शेजारी शेजारी धरून त्यांनी चष्मा वर केला. "अगं, इथे कुराता आणि इथे होंजो?"

मिसुझुने कपाळावर हात मारला. घटस्फोटानंतर तिने बँकेत, गाडीच्या परवान्यावर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे माहेरचं आडनाव परत लावलं होतं. एवढं एकच राहून गेलं.

"आम्ही वेगळे झालो," ती हळूच म्हणाली.

तात्सुयो-सानांनी तिच्या वाडग्यात मुळ्याचे दोन तुकडे जास्त वाढले.

मिसुझुने पिशवीतून मला काढून सोनेरीच्या शेजारी ठेवलं. "नावच हवंय ना? हे घ्या."

"पण बोट आज बाहेरच्या खडकावर चाललीय, तीस मीटरवर. कुरातांना अठराच्या खाली नेता येत नाही, आणि होंजो-सान तर आज आलेल्याच नाहीत!"

"अहो, दोन्ही मीच आहे!"

"मला ठाऊक आहे गं. पण काही झालं तर विमावाल्यांना कोण पटवणार?"

नेहमीचे म्हातारे गिऱ्हाईक ओकुनो-सान रबरी पोशाखात पाय घालत होते. ते म्हणाले, "भरून टाक पोरी फी. मी तीनदा भरलीय. एकदा हरवलं, एकदा बायकोने पँटबरोबर धुतलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"फोटोत टक्कल फार दिसत होतं."

मिसुझु हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "लग्न केलं तेव्हा भरली. मोडलं म्हणून परत भरायची?"

"नाहीतर असं कर," तात्सुयो-सान म्हणाल्या, "आज या जुन्या कार्डावर जा. इथल्याच खाडीत, दहा मीटरवर."

मित्रांनो, त्या क्षणी मी सोनेरीकडे असं पाहिलं की विचारू नका! मिसुझुने मला उचललं. बराच वेळ ती माझ्यावरच्या नावाकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "कान फुटायची वेळ आली तेव्हा तुम्ही मला खाली नेलंत. ते तीस मीटर माझे आहेत, तात्सुयो-सान. त्यांच्यावर त्याचं नुसतं नाव होतं. मला ते माझ्या नावाने हवेत. घ्या फी."

तिने मला खाली ठेवलं. त्या दिवशी बोट तिच्याशिवाय गेली.

त्या दुकानाची एक रीत आहे. फी भरली की रद्द होणारं कार्ड गिऱ्हाइकाने समोरच स्वतःच्या हाताने कापायचं. रद्द होणार होतं सोनेरी. तात्सुयो-सानांनी कात्री पुढे केली. एवढी वर्षं मी याचीच तर वाट बघत होतो!

पण तिचा हात हलेना. त्या विंचरलेल्या केसांच्या फोटोवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. तिचे डोळे भरून आले. तात्सुयो-सान पाठ फिरवून उगीच सूप ढवळू लागल्या. मग कात्री चालली. तिने तुकडे गोळा केले, रुमालात बांधले आणि रुमाल छातीशी धरून बसली.

मी तिथेच होतो, अख्खा. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मित्रांनो, आता तिसरं कार्ड आलं आहे. त्याच्यावर माझं नाव आहे आणि सोनेरीची खोली. त्याच्यावर मी जळतो, लपवत नाही. पण त्याहून जास्त मी त्या रुमालातल्या तुकड्यांवर जळतो. तुम्ही फी भरून नवं खुशाल आणा. फक्त जुन्याला डब्यात टाकण्याआधी एकदा हातात धरा. लोक म्हणतात, मी कात्रीतून वाचलो. खरं आहे. पण निरोप मिळाला तो सोनेरीला.