दम दिसला पाहिजे

“मावशींना परत चालव,” डॉक्टर ऋत्विक म्हणाले. “आणि जरा भरभर. दम लागलेला दिसला पाहिजे.”

दीपालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती त्यांच्याच दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. मांडवीतल्या शाळेत छातीच्या विकारांचं मोफत शिबिर होतं, आणि व्हरांड्यात दोन केशरी शंकू ठेवून ती पेशंटना त्यांच्यामध्ये सहा मिनिटं चालवत होती. चालायचं आपल्या चालीनं, दमलं तर थांबायचं. जेवढं अंतर जमेल त्यावरून छाती किती साथ देते ते कळायचं. जनीबाई नुकतीच चालून खुर्चीत बसली होती. काजूच्या कारखान्यात बिया भाजताना धूर खाण्यात तिची हयात गेली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन घसरताना बघून दीपालीनं तिला मध्येच थांबवलं होतं.

“सर, चाचणी झालीय त्यांची.”

“चाचणी झाली गं, व्हिडिओ कुठे झालाय?” औषध कंपनीचा माणूस स्टँडवर मोबाइल चढवत होता, त्याच्याकडे डॉक्टरांनी बोट केलं. “आता असंच, मग यांचा औषधाचा पंप ओढून. लोकांना फरक दिसायला नको?”

दीपालीला ते पटलं नाही. तरी ती जनीबाईपाशी गेली. नोकरी होती.

“मावशी, अजून एकदा चालाल?”

“मगाशी नापास झाले काय गो मी?”

“नाही हो.”

“मग परत कशाला? औषध नाय देनार काय?”

दीपालीनं टेबलावरच्या पंपांच्या खोक्याकडे पाहिलं. जनीबाईनं त्यातून काय ते ओळखलं आणि गुडघ्यांवर हात टेकून ती उठली.

ती चालू लागली. शिबिराला आलेल्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या वड्यांचा तेलकट वास व्हरांडाभर पसरला होता. “मावशी, पदर काढा तोंडावरचा. हां! मस्त येतंय!” मोबाइलवाला ओरडला. वडा खाता खाता कोणीतरी “शाब्बास!” म्हणत टाळ्या वाजवल्या. म्हातारीला वाटलं, आपलं जमतंय. तिनं पाय उचलले. ओठ जांभळे पडले, छातीतून करवतीसारखा आवाज येऊ लागला, आणि दीपालीच्या लक्षात आलं की आपण अजून घड्याळ धरून उभ्या आहोत. त्या सगळ्यांपेक्षा तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं खुर्ची ओढत नेली आणि जनीबाईला वाटेतच बसवलं. ऑक्सिजनची नळी लावली.

“अगं, अजून थोडं हवं होतं,” डॉक्टर म्हणाले.

“मग तुम्ही चाला, सर. मोबाइल मी धरते.”

टाळ्या थांबल्या. मोबाइलवाला हसून म्हणाला, “पुरे एवढं. चेहरा छान आलाय.”

जनीबाईची धाप जरा ओसरल्यावर दीपाली तिच्यासमोर उकिडवी बसली. “मावशी, यांनी तुमचा व्हिडिओ काढलाय. सगळीकडे दाखवणार आहेत. चालेल?”

“माजा? असा तोंड वासलेला?” जनीबाईनं पदरानं ओठ पुसले. “मुंबैत पोराला पन दिसल?”

“दिसेल.”

“नको गो बाय. त्याला मी बरी हाय असा सांगलाय.”

दीपाली उठली, स्टँडवरचा मोबाइल काढला आणि त्या माणसापुढे धरला. “पुसा.” त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पाहुण्यांकडे बघत होते. “माझ्यासमोर पुसा.” त्यानं ओठ आवळून व्हिडिओ पुसला.

“उद्यापासून यायची गरज नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“बरं.” टेबलावरच्या खोक्यातला एक पंप घेऊन तिनं जनीबाईला तो कसा ओढायचा ते दाखवलं, एकदा तिच्याकडून ओढवून घेतला. मग दोघी निघाल्या.

रिक्षा रस्त्यावर उभी होती. दीपालीनं हात पुढे केला. जनीबाईनं तो बाजूला सारला. दीपाली तिच्या मागून चालत राहिली. फाटकापाशी जनीबाई थांबली, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर हात ठेवला, आणि मुद्दाम समुद्र बघायलाच थांबल्यासारखी तिकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ वरखाली होत होती.

दीपालीही समुद्राकडे बघत उभी राहिली.