निळूचा चार्ट

माझी आई तीस वर्षं वॉर्डात नर्स होती, आणि नर्सइतका अवघड पेशंट दुसरा नसतो. खुब्याचं हाड मोडून ती पलंगाला खिळली त्याला सहा महिने झाले. उशी लावण्यापासून बेडपॅन देण्यापर्यंत माझ्या प्रत्येक कामात तिने चुका काढल्या. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करते, उरलेला दिवस तिचा. माझ्या नाकी नऊ आले होते, हे आधीच सांगून टाकते.

दादा परगावी असतो. काळजी फोनवरून घेतो, ते त्याला छान जमतं. आईला विरंगुळा म्हणून त्यानेच काचेची टाकी आणि एक निळा मासा पाठवला. म्हणजे आणखी एकाचं खाणंपिणं माझ्याच गळ्यात.

आईने मात्र माशाला वॉर्डात दाखल करून घेतलं. नाव ठेवलं निळू. वहीत रेघा मारून त्याचा चार्ट आखला. ‘८.१०, चार दाणे खाल्ले. ९.००, काचेपाशी येरझाऱ्या.’ त्या वहीपायी ती सकाळी चष्मा मागायची, उशीला टेकून बसायची, जेवायचीसुद्धा.

येरझाऱ्यांच्या नोंदी वाढल्या तेव्हा तिने मला माशांच्या दुकानात पिटाळलं. दुकानदाराने टाकीचा फोटो पाहिला. नुसतं पाणी आणि काच. तो म्हणाला, माशालाही कंटाळा येतो ताई, त्याला आडोसा हवा, हिंडायला-धुंडाळायला काहीतरी हवं. मला हसू आलं. कंटाळ्यावर उपाय सांगणारा माणूस इतक्या दिवसांत पहिल्यांदा भेटला, आणि तोही माशासाठी.

तरी रविवारची दुपार त्यात घातली. तळाला खडे टाकले, दोन पाणवनस्पती लावल्या आणि मातीची एक छोटी कुंडी आडवी ठेवली, तोंड खिडकीकडे करून. निळूने दोन चकरा मारल्या आणि आत शिरला. मला बरं वाटलं.

सोमवारी आईने अर्धं ताट परत पाठवलं. मंगळवारी दोन घास. बुधवारी चष्माही मागितला नाही. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या आठवड्यात उभं करायचंय, अंगात ताकद नसेल तर जमणार नाही, आणि आता नाही जमलं तर पुढे कठीण आहे. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडी आपटते. ती आपटून झाल्यावर वही उघडली. सोमवारी आणि मंगळवारी एकच नोंद होती: ‘दिसला नाही.’ बुधवारचं पान कोरं.

आईच्या बाजूला कुंडीची पाठ होती.

“फिरवू का कुंडी?” मी विचारलं.

“नको. आत्ता कुठे स्थिरावलाय तो.”

“मग तू जेव तरी.”

“कशासाठी? पेशंटच दिसत नाही, तर मी उठून करू काय?”

मी हात टेकले. मग खाली नजर गेली. पलंग भाड्याने आणलेला, दवाखान्यातला, त्याला चाकं. सहा महिन्यांत तो मी एकदाही हलवला नव्हता. आईला सहा महिने एकच भिंत दाखवली होती. माशाला मात्र एका दुपारी सगळं मिळालं. लाज वाटली मला. चाकांची खिटी सोडली आणि पलंग टाकीला वळसा घालून खिडकीपाशी ढकलला. आई वाटभर सूचना देत होती.

तिथून कुंडीचं तोंड दिसत होतं, खालचा रस्ता दिसत होता, आणि दारातून थेट स्वयंपाकघर. संध्याकाळी तिने पूर्ण ताट संपवलं.

शुक्रवारी दुपारी तिचा डोळा लागलाय असं समजून मी वही चाळली. निळू ठीक होता. त्याच्याखाली नवी रेघ मारून दुसरा चार्ट सुरू केलेला.

‘मुलगी. १.१५, उभ्यानेच जेवली. १.४०, ओट्याला टेकून डोळे मिटले. २.३०, उगाच येरझाऱ्या. आडोसा हवा.’

“तुझ्या खोलीत जा,” आई डोळे न उघडता म्हणाली. “दार लावून घे. पाच वाजता हाक मारते.”

“तुला काही लागलं तर?”

“पाचपर्यंत काही लागणार नाही मला. मी ड्यूटीवर आहे.”

मी खोलीत गेले. दार लावलं, थोडी रडले, आणि झोपले.