शेवटच्या गाडीची मूठ

मी बोलतेय, गावातले सगळे जिला 'सोफा' म्हणून हिणवतात ती वाळवंटातली गाडी. चार रुंद टायर, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा, कमरेएवढी दारं आणि आत शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. हिणवा खुशाल. ज्या खुर्च्यांमुळे मला हे नाव पडलं, त्यांची मला काडीचीही लाज वाटत नाही.

ॲरिझोनातल्या एका दुकानात मी उभी होते, तेव्हा व्हर्लीन हॅस्केट आली. वय बाहत्तर, पाठीच्या मणक्यात ऑपरेशनचे दोन स्क्रू. हिसके देणारी जुनी गाडी टाका नाहीतर वाळवंट सोडा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. वाळवंट सोडायचा प्रश्नच नव्हता.

सेल्समन तिला शेजारच्या लाल गाडीकडे ओढत होता. तिची ताकद, तिचा वेग, सगळं घडाघडा सांगत होता.

"वाळवंट कुठं पळून चाललंय का?" व्हर्लीननं विचारलं.

मग तिनं प्रत्येक गाडीत दहा-दहा मिनिटं बसायचा सपाटा लावला. गुडघे पुढे टेकतात का, पाय पोचतो का, कुणाचा हात न धरता उतरता येतं का. सेल्समन जांभया द्यायला लागला. माझ्यापाशी आल्यावर तिनं पुढच्या कोपऱ्यावर सगळं वजन टाकून मला दाबलं आणि मी किती सावकाश वर येते ते बघितलं. मग आत बसली. दहा मिनिटं झाली तरी उठायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मला तेव्हाच कळलं, आपण हिच्या घरी जाणार.

ती लाल गाडी नंतर लाइल प्रुइटनं घेतली. दर शनिवारी आमच्या सहा गाड्या ओढ्यांच्या कोरड्या पात्रातून निघायच्या, तो त्यांतलाच एक. लाल गाडीचे दणके खाऊन दुपारपर्यंत कंबर धरून वाकडा चालायचा आणि वर सांगायचा, पोटात गॅस धरलाय. फॉइलमध्ये गुंडाळलेले बरिटो मात्र माझ्याच इंजिनवर तापवायचा. चेष्टेला मी सोफा आणि जेवायच्या वेळी चूल!

आमच्या वाटांवर एक रीत आहे. समोरून गाड्या आल्या, की आपल्या मागे किती आहेत तेवढी बोटं वर करून दाखवायची. अगदी शेवटची गाडी मूठ दाखवते. मूठ म्हणजे मागे कुणी नाही, जा बिनधास्त. आंधळ्या वळणांवर सगळे या हातावरच भरवसा ठेवून असतात.

मी सावकाश जाणारी, म्हणून शेवट माझा. माझ्या लगेच पुढे लाइल. त्या शनिवारी व्हर्लीन एका कासवासाठी थांबली. ते वाट ओलांडून झुडपात शिरेपर्यंत तिनं मला हलू दिलं नाही. लाइलनं आरशात बघितलं, मी दिसले नाही. म्हातारी कंटाळून घरी परतली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. वळणावर थांबून मागच्याची धूळ दिसायची वाट बघायची असते, तेवढाही धीर त्याला नव्हता. समोरून चार गाड्या आल्या आणि त्यानं मूठ दाखवली.

त्यांतली पहिली गाडी आंधळ्या वळणावरून सुसाट आली, वाटेच्या मधोमध. व्हर्लीननं मला उजवीकडे काठावर चढवलं. मी कलंडले आणि धाडकन कुशीवर पडले. पिंजरा मी वाकू दिला नाही. व्हर्लीन पट्ट्यात लटकली होती, पण तिला साधं खरचटलंही नव्हतं. समोरचा गाडीवाला धावत आला, पांढराफटक पडलेला. "बाई, त्या लाल गाडीवाल्यानं मूठ दाखवली होती हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

गावात मात्र भलतीच बातमी पसरली. बाहत्तराव्या वर्षी ही थेरं कशाला, पडणारच होती ती. लाइल गप्प बसला. फिनिक्सहून व्हर्लीनचा मुलगा कर्क रिकामा ट्रेलर घेऊन आला. आईचं भटकणं बंद, मला विकायचं, हे त्यानं येतानाच ठरवलं होतं. मला ट्रेलरवर चढवायला मदतीला कोण आलं होतं? लाइल! मला इतका संताप आला, की इंजिन चालू असतं तर त्याच्या पायावरूनच गेले असते.

व्हर्लीन किल्ली मुठीत धरून पायरीवर उभी होती.

"लाइल, त्या दिवशी वळणावर हात कसा केला होतास, तो माझ्या पोराला दाखव."

लाइलनं टोपी काढली. मग हळूहळू त्यानं मूठ वर केली.

"म्हणजे काय?" कर्कनं विचारलं.

"मागं कुणी नाही," लाइल म्हणाला.

"आणि होतं कोण?"

"तुझी आई."

कर्कनं आईकडे बघितलं, मग माझ्या चेपलेल्या कुशीकडे. व्हर्लीननं किल्ली खिशात टाकली आणि त्याला विचारलं, जेवून जाणार का. तो जेवला आणि रिकामा ट्रेलर घेऊन परत गेला.

ही कूस अजून चेपलेलीच आहे. दुरुस्त करून देतो म्हणून लाइल दोनदा आला. व्हर्लीन म्हणाली, राहू दे, तुला आरशात लगेच ओळखू येईल. आता तो प्रत्येक वळणावर थांबतो, माझी धूळ दिसेपर्यंत. समोरून कुणी आलं की खांद्याच्या वर हात नेऊन एक बोट दाखवतो.

तेव्हा समोरून येणाऱ्यांनो, ते बोट बघितलंत की वेग कमी करा. आम्ही येतोय, आमच्या चालीनं येतोय. मागे कुणी उरलं नाही, हे दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. ती मूठ व्हर्लीन स्वतः दाखवेल.