बिनपाचरीचा रंधा

"बाबा, तुम्हाला हा रंधा चालवता येतो का?"

भिंगरीने हा प्रश्न भर जेवणात विचारला. मुळात तो तिचा प्रश्नच नव्हता. दुपारी तिच्या दोन मैत्रिणी अभ्यासाला म्हणून आल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे अभ्यास सोडून बाकी सगळं करत होत्या. तेवढ्यात बाबांनी त्यांना शोकेससमोर उभं केलं आणि आपलं ठरलेलं भाषण ऐकवलं. "बघा पोरींनो, हा आमच्या घराण्याचा रंधा. सुतारकी आमच्या रक्तातच आहे."

बाबांची पाठ वळल्याबरोबर चष्मेवाली मैत्रीण म्हणाली, "रक्तात आहे म्हणतायत. हातात आहे का?"

लंबू मैत्रिणीने लगेच पैज लावली. "विचारून दाखव. नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई."

भिंगरीला कुणी भित्री म्हटलं की तिला कणकणच भरते. म्हणून तिने विचारलं. बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "अगं, पाणी दे त्यांना."

मित्रांनो, ज्याची चौकशी चालली होती तो मी. मी एक जुना रंधा आहे, आणि खरं सांगू का, मला अजिबात चैन पडत नाही.

लोक समजतात की जुन्या वस्तू काचेमागे शांत बसलेल्या असतात. इतर असतील. माझ्या शेजारी एक चिनी मातीची बाई आहे, तिला कुणी हलवलेलंच आवडत नाही. मला मात्र एका जागी बूड टेकून बसायची सवय नाही. तसं माझं सगळं आयुष्य बुडावरच गेलं, पण ते घसरत. खरखरीत लाकडावरून पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे. आता खालच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की मी आतल्या आत खुळखुळतो. आईला वाटतं शोकेसचं दार सैल झालंय. तिने तीनतीनदा सुताराला बोलवायचं ठरवलं आणि घराण्याचं नाव आठवून बेत रद्द केला.

माझा जन्म एका तुळईतून झाला. कुठलीशी इमारत पाडली गेली, तिची काळपट, टणक तुळई भिंगरीच्या पणजोबांनी उचलून आणली. तुळई असताना मी छप्पर तोलत गप्प पडून होतो. त्यामुळे गप्प पडून राहणं म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक आहे. पणजोबांनी तिचा एक तुकडा कापला, मधोमध तिरकी खाच कोरली, खाचेत पोलादी पातं बसवलं आणि पातं हलू नये म्हणून त्याच्या पाठीशी लाकडाची एक निमुळती पाचर ठोकली. झाला रंधा तयार. पहिल्याच ओढीला माझ्या तोंडातून एक सालपट गुंडाळत बाहेर आलं. ते इतकं पातळ होतं की पणजोबांनी ते डोळ्यांसमोर धरून त्यातून खिडकी पाहिली. मला तेव्हाच कळलं, आपल्याला हेच करायचंय.

ती पाचर नीट लक्षात ठेवा. माझं सगळं दुःख तिथेच आहे. पाचर पात्याला धरून ठेवते. वर हातोडीची टिचकी मारली की ती घट्ट बसते, पातं कमीजास्त करायचं असलं की सैल करायची, पुन्हा ठोकायची. ठोकून ठोकून तिचं डोकं चेचलं जातं, अंग झिजतं आणि एक दिवस ती पात्याला धरेनाशी होते. तेव्हा नवी करायची. पणजोबांच्या सुतारकीच्या कारखान्यात रीत होती की माझ्यावर जो हात ठेवणार, त्यानेच ती करायची. दुसऱ्याची चालत नसे. 'ज्याचा हात, त्याची पाचर,' असं पणजोबा म्हणायचे. त्यांची पाचर झिजली तेव्हा आजोबांनी स्वतःची कापली. जुनी पाचर मात्र फेकायची नाही. खिळ्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात ती जपून ठेवली गेली.

आजोबांच्या हाताखाली मी काय काय गुळगुळीत केलं म्हणून सांगू. शाळेची बाकं, दवाखान्याची दारं, जिन्याचे कठडे, एका वादकाच्या पेटीचं झाकण. जिन्याच्या कठड्यांचा मला विशेष अभिमान आहे, कारण त्यांवरून मुलं घसरायची आणि कुणाला कधी लाकडाचं कुसळ टोचलं नाही. लोक म्हणायचे, "काय हात आहे." आजोबा म्हणायचे, "हात कसला, रंधा आहे." हे ऐकून माझं पातं नुसतं फुरफुरायचं.

मग भिंगरीचे बाबा आले. ते तेव्हा भिंगरीएवढेच होते आणि त्यांनाही घाई होती. आजोबांची पाचर झिजत आली होती. बाबांनी कुणाला न सांगता एक तुकडा शोधला, आपली पाचर कापली, घासली आणि सगळ्या कारागिरांसमोर माझ्यात बसवली. हातोडीची पहिलीच टिचकी मारली आणि कट. पाचरीचे दोन तुकडे. घाईत तुकडा आडवा कापला होता. लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात, त्या आडव्या आल्या की लाकूड बिस्किटासारखं मोडतं.

आजोबा हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. म्हणाले, "राहू दे रे बाबा, तू आपलं पेनच धर." सगळे कारागीर हसले. त्यानंतर कितीतरी दिवस कारखान्यात बाबांचं नाव 'पेनवाले साहेब' होतं. बाबांनी खरंच पेन धरलं. मोठे झाल्यावर त्यांनी तयार फर्निचरचं दुकान काढलं, झुळझुळीत, दिव्यांचं, आणि माझ्याकडे परत कधी हात केला नाही. आजोबांनी काम थांबवलं तेव्हा माझ्यातली पाचर काढून डब्यात टाकली. माझी खाच रिकामी राहिली. आईने पातं पडू नये म्हणून त्यात बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. आता कळलं ना मी का खुळखुळतो?

पण मित्रांनो, माझी खरी तगमग वेगळीच होती. बाबांची पाचर मोडली त्या दिवशी संध्याकाळी कारागीर पांगल्यावर जे घडलं ते फक्त मी पाहिलं होतं. आणि मला तोंड आहे, पण ते सालपटं काढण्यापुरतं. बोलता येत नाही. मला वाटायचं, कुणीतरी तो डबा उघडा. डबा कुठे होता? माझ्याच शोकेसच्या खणात, पडद्यांच्या कड्यांखाली. आणि वर मी, पुठ्ठा चावत बसलेलो.

असो. जेवणाच्या टेबलावर परत येऊ.

बाबा पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवून म्हणाले, "नाही येत."

भिंगरीला वाटलं होतं ते थट्टेवारी नेतील. ती गडबडली. "म्हणजे थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

आई पटकन म्हणाली, "बरंच झालं विषय निघाला. रविवारी तुझा मामा येतोय. त्याने तो रंधा मागितलाय. दिवा करणारे त्याचा."

हा मामा म्हणजे एक प्रकरण आहे. माणूस प्रेमळ, पण त्याला कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिला भोक पाडून त्यातून वायर ओवायची असते. त्याने टेलिफोनचा दिवा केला, किटलीचा केला, एका बुटाचासुद्धा केला. त्याच्या घरात सगळं उजळतं आणि कशातूनच काही होत नाही. टेलिफोनवर बोलता येत नाही, किटलीत पाणी उकळत नाही. माझ्या पोटातून वायर जाणार, हे ऐकून मी ट्रक नसतानाही खुळखुळलो.

"दिलेलाच बरा," बाबा म्हणाले. "निदान कशाच्या तरी उपयोगी पडेल." हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

रविवारी सकाळी बाबा अंघोळीला गेले आणि भिंगरीने शोकेस उघडली. मला काढून ती गॅलरीत घेऊन गेली. तिथे मोडक्या कपाटाची एक फळी पडली होती. तिने मला फळीवर ठेवलं आणि ढकललं. पुठ्ठा बाहेर आला, पातं धाडकन खाली पडलं. "अरेच्चा," ती म्हणाली, "तुझे तर दातच पडले." मग पातं कशाने घट्ट करावं म्हणून ती काहीबाही शोधत फिरली. कंगवा घालून पाहिला. पट्टी घालून पाहिली. आणि मग, एकदाचा, तिने तो खण ओढला.

डब्यात तीन पाचरी होत्या. पणजोबांची इतकी झिजली होती की खाचेतून सरळ खाली आली. आजोबांची अडकली, पण पातं हलतच राहिलं. तिसरी थोडी वेडीवाकडी होती आणि तिच्या कमरेवर आडवी, तपकिरी, सरसाच्या, म्हणजे सुताराच्या डिंकाच्या, जोडाची रेघ होती. भिंगरीने ती घातली आणि हातोडी मिळाली नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या दगडी वरवंट्याने हलकेच ठोकली. बसली. घट्ट बसली.

आणि तिने मला ढकललं. उलट्या बाजूने ढकललं, तेव्हा मी खरडत, ओरडत गेलो. तिने फळी फिरवली, पुन्हा ढकललं. पातं बोथट झालेलं, हात नवा, फळी वाकडी. तरी एक सालपट निघालं. जाडजूड, ओबडधोबड, पुरीसारखं फुगलेलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट सालपट ते, आणि मी त्याच्यावरून जीव ओवाळून टाकला असता.

आवाज ऐकून बाबा डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आले. "काय चाललंय?" मग त्यांना पाचर दिसली. ते खाली बसले. त्यांनी मला हातात घेतलं, कितीतरी वर्षांनी, आणि पाचर हलवून बाहेर काढली.

"ही कुठे मिळाली तुला?"

"डब्यात. पणजोबांच्या आणि आजोबांच्या बरोबर होती. ही कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले. "मोडली होती ही. पहिल्याच ठोक्याला. सगळे हसले होते."

"पण जोडलीय की."

बाबांनी जोडावरून अंगठा फिरवला. मग पाचर उलटी करून तिचं डोकं पाहिलं आणि बघतच राहिले. ज्या पाचरीने एकच ठोका खाल्ला, तिच्या डोक्यावर एकच खूण हवी. या पाचरीचं डोकं चारी बाजूंनी चेचलेलं होतं.

"ही वापरलीय," ते हळूच म्हणाले. "बरेच दिवस वापरलीय कुणीतरी."

कुणीतरी नाही हो. आजोबांनी. त्या संध्याकाळी त्यांनी भुशातून दोन्ही तुकडे शोधले, सरस गरम करून जोडले, दोरीने बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ती पाचर त्यांनी माझ्यात बसवली आणि एका शाळेची सगळीच्या सगळी बाकं तिच्यावर केली. जोड हलला नाही. फक्त हे मुलाला सांगायचं त्यांनी उद्यावर टाकलं, आणि माणसांचा उद्या कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. मला हेच सांगायचं होतं. याचसाठी मी इतकी वर्षं खुळखुळत होतो. आता बाबांनी ते स्वतःच वाचलं, पाचरीच्या डोक्यावरून. रंधा चालवता येत नाही म्हणे.

आई दारात उभी होती. तिने पुढे होऊन त्यांच्या डोक्यावरचा सुटलेला टॉवेल काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं कुणीतरी असेल. त्याची धूळ पुसता, ते ठीकच आहे. पण कधीतरी त्याला हातात घ्या. त्याचं काम त्याला करू द्या, वाईट झालं तरी चालेल. आणि त्याचे खण, डबे, खिसे तपासा. आम्ही वस्तू बोलत नसलो, तरी सांगायचं राहिलेलं बरंच काही आमच्यापाशी ठेवलेलं असतं.

तेवढ्यात बेल वाजली. मामा आला होता, हातात ड्रिल मशीन, खांद्यावर वायरचं वेटोळं. "कुठाय आपला पेशंट?" तो म्हणाला. मग गॅलरीतला पसारा आणि सगळ्यांचे चेहरे पाहून त्याने मशीन पाठीमागे लपवलं. "मी नंतर येऊ का?"

"मामा, तू बस. तू पण ऐक," भिंगरी म्हणाली. ती उठली. केसांत भुसा, हातावर ओरखडा. तिने मला छातीशी धरलं आणि आईबाबांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. याचा दिवा होणार नाही, आणि हा शोकेसमध्येही परत जाणार नाही. बाबांची पाचर बाबांची आहे. सुट्टीत मी क्लासबिस लावणार नाहीये. मी रंधा शिकणार आणि माझी पाचर मी कापणार. रेषा उभ्या कशा बघायच्या ते बाबा दाखवतील, कारण आडव्या कापल्या तर काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि मोडली तर मोडली. तुम्ही फक्त सरस आणून ठेवा."