हिरवळीवर मेंढरं बसली

"अबे, बघतो काय बावळटासारखा? हाण!" सुपरवायझर इंद्रजीत ओरडला आणि अजिनाथची काठी पहिल्या मेंढीच्या पाठीत बसली.

गोल्फच्या सगळ्या मैदानावर मेंढरं पसरली होती. चिकलठाण्याच्या पुढे हे 'सागरतीर' नावाचं बंगल्यांचं संकुल. आता इथे समुद्र कुठला आलाय डोंबलाचा! तळं खोदलं, काठावर वाळू ओतली, झाला बीच. चारी बाजूंनी उंच भिंत आणि फाटकावर गणवेशात अजिनाथ.

मेंढ्यांच्या पाठीवरची निळी खूण त्याने ओळखली. कळप त्याच्या घरचा होता.

झालं होतं असं, की परवा पाचोडला घरी जेवता जेवता तो बोलून गेला, "गवत पिवळं पडायलंय, साहेब लोक लई तापलेत." त्याच्या बापाने, आप्पांनी, ते मनावर घेतलं. रानात मेंढरं बसवा म्हणून शेतकरी धनगराची आर्जवं करतात, वर धान्य देतात. लेंडीखताने जमीन अशी फुलते की विचारू नका. आप्पा तर फुकट आले होते! लेकाची मान वर होईल, एवढंच त्या भोळ्या माणसाच्या मनात. संकुलाच्या मागच्या बाजूला पाइपसाठी भिंत फोडली होती, तिथून ते सकाळीच कळप घेऊन आत शिरले.

"धनी, बसू द्या की घडीभर," आप्पा हात जोडून सांगत होते. "काय बी नको मला. सोनं हाय हे, सोनं!"

बंगलेवाल्या शंतनूसाहेबाच्या पांढऱ्या बुटाला ते सोनं लागलं होतं. त्याने गोल्फची काठी दोन्ही हातांनी उचलली आणि पुढच्या मेंढ्याच्या टाळक्यात घातली. हाड फुटल्याचा आवाज आला. मेंढा गुडघ्यांवर बसला, पाय झाडत राहिला आणि निपचित पडला. आप्पा त्याच्याकडे धावले, तर दुसरा फटका त्यांच्या कपाळावर.

"कोण आहे हा म्हातारा? अजिनाथ, तुझ्या ओळखीचा का रे?" इंद्रजीतने विचारलं.

याच नोकरीवर अजिनाथची खोली होती, लेकीची, अक्षदाची, शाळा होती.

"ह्यो कोन? म्या नाय वळखत," आप्पाच आधी बोलले. रक्त त्यांच्या डोळ्यात उतरत होतं. "भित्ताडात वाट दिसली, घुसलो."

"मग दे दोन ठेवून."

अजिनाथने दिल्या. एक पाठीत, एक पोटरीवर. हलकी मारली तर संशय येईल म्हणून जोरात मारली. आप्पा कळवळले, पण लेकाचं नाव तोंडातून काढलं नाही. ती काठी आपल्याच डोक्यात घालावी, इतकी अजिनाथला स्वतःची किळस आली.

"मोठ्या फाटकातून घालव ही ब्याद," इंद्रजीत म्हणाला.

आप्पांनी मेलेला मेंढा मानेवर घेतला. दोनदा तोल गेला, तरी कुणाला हात लावू दिला नाही. कळप मागे निघाला.

अजिनाथने आडवा दांडा वर केला. सलाम इथे फक्त बंगलेवाल्यांच्या गाड्यांना ठोकायचा असतो. त्याने टाचा जुळवल्या आणि म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकला.

"येडा झाला का बे? कोण लागतो तो तुझा?" मागून इंद्रजीत ओरडला.

"बाप हाय माझा," अजिनाथ म्हणाला. शेवटची मेंढी समोरचा जालना रोड ओलांडून जाईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.