वरची बाजू

श्यामलाबाईंच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हातात त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं द्यायची, असं श्यामसुंदररावांनी ठरवलं आणि कसबा पेठेत नियाजच्या छापखान्यात बायकोची पाच चित्रं नेऊन दिली. इथवर सगळं सुरळीत होतं.

"काका, वरची बाजू कुठली?" नियाजनं विचारलं. "मागे काकूंचं नाव टाकायचंय. ते उलटं यायला नको."

श्यामसुंदररावांनी चित्र फिरवून पाहिलं. निळा पट्टा, तांबडे फराटे, कोपऱ्यात पिवळं काहीतरी. कुठूनही धरलं तरी तेवढंच कळत होतं, म्हणजे काहीच नाही. सही म्हणावी, तर ती बाई करत नसत.

बालवाडीतून निवृत्त झाल्यावर बाई रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून रंगवत बसायच्या. समोरच्या खुर्चीवर पेपर आणि चहा घेऊन हे. "आज काय सांडलं?" एवढीच यांची रसिकता. बाई नुसत्या हसायच्या. आता ते हसू आठवून त्यांना अपराधी वाटत होतं. हेमाला फोन करावा, तर लेक म्हणणार, बाबा, एवढंही माहीत नाही? निदान या एका गोष्टीत त्यांना चुकायचं नव्हतं.

त्यांनी चित्र पुन्हा फिरवलं. एका बाजूनं ते एकदम ओळखीचं वाटलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण बसायचो समोर. म्हणजे आपल्या ओळखीचं, ते उलटंच.

"ही खालची बाजू," बाकीची चारही ओळखीच्या बाजूच्या उलट लावून त्यांनी ठणकावून सांगितलं. "पाचही अशीच धरा."

"बघा हं काका, नक्की ना?"

"अहो, माझ्या बायकोची चित्रं आहेत."

श्राद्धाच्या दिवशी हेमा धायरीहून सकाळीच आली. तिनं कार्डामागचं आईचं नाव वाचलं, पुढची बाजू पाहिली आणि कपाळाला आठी घालून कार्ड फिरवलं.

"बाबा, उलटं छापलंय हे."

"छे. ती पलीकडे बसायची. मी नीट विचार करून सांगितलंय."

"बसायची पलीकडे, पण काढायची तुमच्या बाजूनं," हेमा म्हणाली. "बालवाडीत समोरच्या मुलाच्या पाटीवर अक्षरं काढून द्यायची ना, तसं. मी विचारलं होतं तिला. म्हणाली, ते समोर बसतात, त्यांना सरळ दिसायला नको का?"

पाहुणे यायला लागले. कार्ड हातात पडलं की जो तो विचारत होता, हे नक्की काय आहे?

"मला माहीत नाही," श्यामसुंदरराव सांगत होते, आणि प्रत्येकाच्या हातातलं कार्ड धरून सरळ करून देत होते.